औषधाच्या डब्यावरचे आकडे वाचायचे कसे: एमजी, एमसीजी, आययू आणि एमएल

माझी मावशी बरीच वर्षं डी व्हिटॅमिनची रोजची गोळी घेते, डब्यावर १००० लिहिलेलं असायचं. मध्ये कंपनी बदलली आणि नवीन डब्यावर मोठ्या अक्षरात आलं २५. मला फोन करून म्हणाली, "अगं, अगदीच कमी पॉवरची गोळी दिलीय यांनी, मी आपली दोन सकाळी आणि दोन रात्री घेतेय." डब्याचा फोटो मागवला तर २५ च्या पुढे बारीक अक्षरात एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम, होतं. डी व्हिटॅमिनचे २५ मायक्रोग्रॅम म्हणजे बरोब्बर १००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं दुसरं माप, जुन्या डब्यावरचं १००० ते हेच), म्हणजे गोळी तेवढ्याच ताकदीची होती आणि मावशी रोज चौपट घेत होती, तेही अठरा दिवस.

ही चूक शिकलेली, व्यवस्थित माणसंसुद्धा करतात, कारण आपण आकडा वाचतो आणि युनिट सोडून देतो. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. प्रत्येक औषधाला तीन प्रश्न विचारायचे आहेत: किती? कशाचं? कितीमध्ये? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत गोळी तोंडात टाकायची नाही.

आणि एक आधीच सांगते, हे सगळं डब्यावर काय लिहिलंय ते कळण्यासाठी आहे. डोस ठरवणं किंवा बदलणं हे डॉक्टरचं काम, गणित जमलं म्हणून आपण ते करायचं नाही.

## आधी तयारी

घरातली सगळी औषधं एका टेबलावर काढा, व्हिटॅमिनच्या गोळ्या, टॉनिक, पावडरी धरून सगळी. लोक बीपीची गोळी औषध समजतात आणि मल्टिव्हिटॅमिनला खाऊ समजतात, तिथेच बेरीज चुकते.

सोबत डॉक्टरची चिठ्ठी, एक वही, मोबाईलचा कॅल्क्युलेटर आणि चांगला उजेड. बारीक अक्षरं वाचायला भिंग नको, मोबाईलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. पातळ औषध असेल तर त्याच्याबरोबर आलेलं मापाचं झाकण, ड्रॉपर किंवा सिरिंज त्याच बाटलीजवळ ठेवा, दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर इथे चालत नाही.

सावधान: स्ट्रिप कापताना नाव आणि ताकद छापलेला भाग कापून टाकू नका. त्या कडेच्या गोळ्या शेवटी संपवा. नुसती पांढरी गोळी हातात राहिली की ती ५० ची का १०० ची हे घरात कोणीच सांगू शकत नाही.

## पायरी १: पुढचा मोठा आकडा सोडा, मागची बारीक ओळ वाचा

डब्याच्या पुढच्या बाजूचा आकडा बऱ्याचदा नावाचा भाग असतो. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची ६२५ ची गोळी बघा, त्यात ६२५ एमजी असं एक काही नसतं, ५०० एमजी ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ एमजी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, दोघांची बेरीज ६२५. नावात "फोर्ट", "प्लस", "डीएस" असे शब्द असतात, त्यांना ठरलेलं माप नाही, एका कंपनीचं फोर्ट दुसरीच्या साध्यापेक्षा कमी असू शकतं.

खरी माहिती मागच्या बाजूला असते, "प्रत्येक गोळीत" किंवा "प्रत्येक ५ एमएलमध्ये" या शब्दांनी सुरू होणारी ओळ. ती शोधा आणि वहीत जशीच्या तशी उतरवा. युनिटसकट.

व्हिटॅमिनच्या डब्यांवर अजून एक शब्द असतो, सर्व्हिंग. एका सर्व्हिंगमध्ये ६०० एमजी असं लिहिलेलं असतं आणि वरच्या कोपऱ्यात कुठेतरी सर्व्हिंग म्हणजे २ गोळ्या असं असतं. म्हणजे एका गोळीत ३००. हे दोन्ही लिहून घ्या.

तपासा: वहीत प्रत्येक आकड्यापुढे युनिट आणि "एका गोळीत का दोन गोळ्यांत" हे आलंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: ग्रॅमची शिडी

पाठ करायची गोष्ट एवढीच:

१ ग्रॅम = १००० मिलीग्रॅम (एमजी)
१ मिलीग्रॅम = १००० मायक्रोग्रॅम (एमसीजी)

म्हणजे एमजी आणि एमसीजी यांच्यात हजारपटीचा फरक आहे. मायक्रोग्रॅम दोन पद्धतीने छापतात, एक एमसीजी आणि दुसरं ग्रीक अक्षर म्यू आणि पुढे जी. हा म्यू इंग्रजी यू सारखाच दिसतो, फक्त डावीकडे खाली शेपूट असतं, आणि घाईच्या अक्षरात तो एम वाटतो. एम वाचला की झाला मिलीग्रॅम. म्हणूनच हाताने लिहिताना म्यू वापरू नये असा सल्ला औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक सतत देत असतात. तुम्ही वहीत लिहिताना सरळ "मायक्रो" लिहा.

काही उदाहरणं, जिथे लोक हमखास अडकतात:

थायरॉईडची थायरॉक्सिन गोळी ५० मायक्रोग्रॅमची, कुठे कुठे तीच ०.०५ एमजी लिहिलेली असते. दोन्ही एकच. हृदयाची डिगॉक्सिन ०.२५ एमजी म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. बी १२ ची १५०० मायक्रोग्रॅमची गोळी ऐकायला जबरदस्त वाटते, पण ती फक्त दीड मिलीग्रॅम आहे. उलटं फोलिक ॲसिडचं, ५ एमजीची गोळी "पाचच तर आहे" असं वाटतं आणि ४०० मायक्रोग्रॅमची मोठी वाटते, प्रत्यक्षात ५ एमजी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ती पाचवाली साडेबारा पट जास्त आहे. कोणाला कुठली हे डॉक्टर विचार करून ठरवतात, त्यामुळे "एक नाही मिळाली, दुसरी आणली" हे इथे चालणार नाही.

आता टिंबाचं बोलू. .५ असं लिहिलं आणि टिंब पुसट आलं की ते ५ वाचलं जातं, दहापट. १.० लिहिलं आणि टिंब दिसलं नाही की ते १०, परत दहापट. म्हणून स्वतः लिहिताना टिंबाच्या आधी शून्य नेहमी द्यायचं, ०.५, आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब आणि शून्य कधीच नाही, नुसतं १.

तपासा: मोठ्या युनिटमधून छोट्यात जाताना आकडा वाढायला हवा. एमजीचं मायक्रोग्रॅम केलं आणि आकडा कमी झाला तर तुम्ही गुणायच्या जागी भागलंय.

## पायरी ३: आययू, सगळ्यात जास्त गोंधळ इथे

आययू म्हणजे इंटरनॅशनल युनिट, आणि हे वजन नाही. तो पदार्थ शरीरात किती काम करतो त्यावरून ठरवलेलं माप आहे. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा आययू वेगळा. "एक आययू म्हणजे किती एमजी" हा प्रश्न अर्धाच आहे, कशाचा आययू ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. नेटवर मिळणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आधी पदार्थ निवडायला लागतो तो याच्यामुळे, आणि लोक तिथे डी च्या जागी ए निवडून मोकळे होतात.

डी व्हिटॅमिन: ४० आययू = १ मायक्रोग्रॅम. आययूला ४० ने भागा, मायक्रोग्रॅम मिळतात. ४०० म्हणजे १०, १००० म्हणजे २५, २००० म्हणजे ५०. आणि ते आठवड्याला एक घ्यायचं ६०,००० आययूचं कॅप्सूल किंवा पाकीट, ते १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलीग्रॅम.

ए व्हिटॅमिन, रेटिनॉल स्वरूपात: १ आययू = ०.३ मायक्रोग्रॅम. ५००० आययू म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम. बीटा कॅरोटीन असेल तर हा हिशोब लागू नाही, ते शरीरात गेल्यावर त्यातलं थोडंच ए मध्ये बदलतं.

ई व्हिटॅमिन: इथे दोन प्रकार. नैसर्गिक, ज्याच्या नावात नुसतं डी-अल्फा असतं, त्याचा १ आययू = ०.६७ एमजी. कृत्रिम, ज्याच्या नावात डीएल-अल्फा असतं, त्याचा १ आययू = ०.४५ एमजी. म्हणजे दोन्ही डब्यांवर ४०० आययू असलं तरी एकात साधारण २६८ एमजी धरतात आणि दुसऱ्यात १८० एमजी. त्या एका "एल" अक्षराने एवढा फरक पडतो, म्हणून नाव पूर्ण वाचा.

सावधान, साप्ताहिक डोस: ६०,००० वालं आठवड्यातून एकदा लिहून दिलेलं असतं आणि घरी येऊन ते रोज सुरू होतं, ही फार कॉमन चूक आहे. ६०,००० ला ७ ने भागा, दिवसाला साडेआठ हजारच्या आसपास येतात, ते डॉक्टरने ठरावीक आठवडे दिलेले असतात. रोज घेतलं तर सात पट. निरोगी मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने रोज घ्यायची वरची मर्यादा ४००० आययू म्हणजे १०० मायक्रोग्रॅम धरतात, यावरून अंदाज घ्या. डी व्हिटॅमिन चरबीत साठतं, सी सारखं लघवीतून पटकन बाहेर पडत नाही, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर येतं. तारीख आणि वार पाकिटावरच पेनाने लिहा.

सावधान, लपलेली बेरीज: डी व्हिटॅमिन कॅल्शियमच्या गोळीतही असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं आणि परत वेगळंही घेतलं जातं. टेबलावरच्या सगळ्या डब्यांवरचं डी एका युनिटमध्ये आणा आणि बेरीज करा. ए चंही तसंच करा, रेटिनॉलची मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम म्हणजे १०,००० आययू आहे, आणि प्रेग्नन्सीत जास्तीचं ए बाळाला अपाय करू शकतं, तिथे बेरीज न करता काहीही सुरू करू नका.

हाताने लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीत आययू कधी आयव्ही (म्हणजे शिरेतून द्यायचं) वाटतं तर कधी १० वाटतं. शंका आली तर अंदाज नको, फोन करा.

## पायरी ४: कशाचं वजन? क्षाराचं का धातूचं?

कॅल्शियम, आयर्न, झिंक, मॅग्नेशियम हे गोळीत एकटे नसतात, कार्बोनेट, सल्फेट, सायट्रेट अशा कशाशी तरी जोडलेले असतात. डब्यावर कधी पूर्ण क्षाराचं वजन देतात, कधी आतल्या खऱ्या धातूचं, त्याला एलिमेंटल म्हणतात.

कॅल्शियम कार्बोनेट १२५० एमजीच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० एमजी, म्हणजे ४० टक्के. कॅल्शियम सायट्रेटमध्ये २१ टक्केच. आयर्नमध्ये फेरस सल्फेट ३०० एमजीच्या गोळीत आयर्न ६० एमजीच्या आसपास, फेरस फ्युमरेटमध्ये एक तृतीयांश, फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. आता दोन डबे शेजारी ठेवून "हा तीनशेचा, हा शंभरचा" अशी तुलना केली तर ती फुकट आहे.

करायचं काय, ओळीत "इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल" असे शब्द शोधायचे, त्याच्या पुढचा आकडा वहीत घ्यायचा. तसे शब्द नसतील तर फार्मासिस्टला "यात एलिमेंटल किती?" एवढाच प्रश्न विचारा.

## पायरी ५: पातळ औषध, आणि "कितीमध्ये" हा प्रश्न

ही पायरी लहान मुलं घरात असणाऱ्यांनी दोनदा वाचा.

एमएल हे बाटलीतल्या पाण्याचं माप, एमजी हे त्यात विरघळलेल्या औषधाचं. ५ एमएल म्हणजे ५ एमजी नाही, कधीच नाही असं धरून चाला.

पॅरासिटामॉलचंच घ्या. एका बाटलीवर "५ एमएलमध्ये १२० एमजी", दुसरीवर "५ एमएलमध्ये २५० एमजी", आणि छोट्या ड्रॉप्सच्या बाटलीवर "१ एमएलमध्ये १०० एमजी". बाटली जेवढी छोटी तेवढं औषध सौम्य असं वाटतं ना, इथे उलटं आहे. ड्रॉप्स घट्ट असतात, तान्ह्या बाळाच्या तोंडात कमी थेंबांत काम व्हावं म्हणून. १० किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १०० ते १५० एमजी देतात. पहिल्या बाटलीतून ५ एमएल दिलं तर १२०, बरोबर. पण सिरप संपलं म्हणून रात्री ड्रॉप्सच्या बाटलीतून तेच ५ एमएल दिलं तर ५०० एमजी जातात, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर जातं.

गणित असं करा:

१. चिठ्ठीत एमजी किती? समजा १२०.
२. बाटलीवर १ एमएलमध्ये किती? ५ एमएलमध्ये २५० असेल तर २५० भागिले ५ = ५०.
३. १२० भागिले ५० = २.४ एमएल.

चिठ्ठीत नुसतं "५ एमएल" असेल आणि तुम्हाला दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली असेल, तर तो एमएलचा आकडा आता निरुपयोगी आहे. डॉक्टरने कुठली ताकद धरून लिहिलं होतं ते विचारायचं. बाळाच्या डी व्हिटॅमिनच्या थेंबांत तर हे भयंकर होतं, काही बाटल्यांत १ एमएलमध्ये ४०० आययू असतात, काहींत अर्ध्या एमएलमध्ये, आणि काहींत एकाच थेंबात ४००. थेंबवाली बाटली आणून सवयीने १ एमएल पाजलं तर साधारण तीस थेंब जातात, म्हणजे बारा हजारांच्या घरात.

मोजायला घरातला चमचा घेऊ नका, कुठल्याच दोन घरांतले चमचे सारखे नसतात. औषधातला टीस्पून म्हणजे ५ एमएल, टेबलस्पून म्हणजे १५, आणि दोघांचं लघुरूप जवळजवळ सारखंच दिसतं. सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज सगळ्यात बरी. तिच्यात हवेचा बुडबुडा असेल तर काढा आणि दांड्याच्या रबराची तोंडाकडची कड ज्या रेघेवर आहे तो आकडा वाचा. मापाचं झाकण वापरत असाल तर ते सपाट जागी ठेवून डोळे त्याच्या पातळीला न्या, हातात धरून वरून बघितलं की चुकतं.

ड्राय सिरप म्हणजे पावडरची बाटली असेल तर पाणी खुणेच्या रेघेपर्यंतच. थोडं पाणी घाला, हलवा, फेस खाली बसू द्या, मग रेघेपर्यंत भरा. पाणी कमी पडलं तर प्रत्येक चमचा तीव्र होतो, जास्त झालं तर पांचट, आणि बाटलीवर छापलेला आकडा दोन्ही वेळेला खोटा ठरतो.

तपासा: उत्तर नेहमीपेक्षा फारच जास्त किंवा फारच कमी येतंय का? पूर्ण सिरिंज भरूनही पुरत नाही किंवा दोन थेंबच येतायत असं वाटलं की थांबा, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पहिल्यापासून गणित करायला सांगा, तुमचं उत्तर न दाखवता.

## पायरी ६: इन्सुलिन असेल तर

इन्सुलिन एमजीत नाही, युनिटमध्ये मोजतात, आणि बाटलीवर १ एमएलमध्ये किती युनिट ते असतं, ४० किंवा १००. सिरिंजही त्याच मापाची हवी. ४० ची सिरिंज बहुतेक लाल टोपीची, १०० ची केशरी, पण रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेला आकडा वाचा.

अदलाबदल झाली तर काय होतं बघा: ४० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल. त्यात १०० चं इन्सुलिन भरलं तर गेले ५० युनिट, अडीच पट, शुगर धाडकन खाली. उलट १०० च्या सिरिंजमध्ये ४० चं भरून २० ची रेघ गाठली तर गेले फक्त ८.

चिठ्ठीत इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो, १० च्या मागे यू चिकटला की १०० वाटतं, त्यामुळे लिहिताना "युनिट" पूर्ण लिहा. आणि इन्सुलिन पेनच्या आतून साध्या सिरिंजने औषध ओढू नका, काही पेनमध्ये १ एमएलला २०० किंवा ३०० युनिट असतात.

## पायरी ७: टक्के

मलम, थेंब, माऊथवॉश यांवर टक्के असतात. पातळ औषधात १ टक्का म्हणजे १०० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ एमएलमध्ये १० एमजी. मलमात १०० ग्रॅममध्ये १ ग्रॅम. ०.१ आणि १ टक्का यांत दहापट फरक आहे, परत तेच टिंब.

## पायरी ८: रिपोर्टचे आकडे वेगळे ठेवा

रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा हा शरीरात किती आहे तो, गोळीत किती त्याच्याशी त्याची थेट वजाबाकी होत नाही. "माझं डी १२ आलं, ३० पाहिजे, म्हणजे १८ ची गोळी" असं नसतं.

दोन लॅबचे रिपोर्ट जुळवताना आधी युनिट बघा. डी व्हिटॅमिन काही लॅब नॅनोग्रॅम प्रति एमएलमध्ये देतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये, पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरं मिळतं. २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल एकच. बी १२ मध्ये पिकोग्रॅम प्रति एमएलला ०.७४ ने गुणलं की पिकोमोल प्रति लिटर येतात, म्हणजे २०० चे साधारण १४८. गेल्या वर्षी २०० होतं आणि यंदा १४८ झालं म्हणून घाबरण्याआधी युनिटच्या रकान्यात बघा, कदाचित काहीच बदललेलं नसेल.

## चुकीचा डोस गेलाच तर

बाटली किंवा डबा हातात घेऊन डॉक्टरला किंवा जवळच्या दवाखान्याला फोन करा आणि चार गोष्टी सांगा: औषधाचं पूर्ण नाव, मागच्या ओळीतली ताकद युनिटसकट, नेमकं किती आणि किती वाजता दिलं, आणि माणसाचं वय आणि वजन. स्वतःहून उलटी करायला लावू नका. पॅरासिटामॉलमध्ये पहिल्या दिवशी मूल अगदी खेळतं असू शकतं, म्हणून "काही होत नाहीये" बघत थांबायचं नाही. इन्सुलिन जास्त गेलं असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळू शकत असेल, तर लगेच साखर द्या आणि फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट अँब्युलन्स बोलवा. आणि रिकामी बाटली, स्ट्रिप, वापरलेली सिरिंज टाकू नका, तशीच बरोबर न्या, तिथले लोक सगळ्यात आधी तीच मागतात.